दोन प्रती आणि एक आठवण

लॅपटॉपवर एक फोल्डर आहे. पोर्टेबल ड्राइव्हवर त्याच नावाचा दुसरा. आज ड्राइव्ह जोडल्यावर दिसतं की ड्राइव्हवर एक फाइल जास्त आहे, ती लॅपटॉपवर नाही. आता दोन्हीकडे सारखं करायचं आहे. काय कराल?

‘सोपं आहे, लॅपटॉपवर कॉपी करायची,’ असं बहुतेकजण म्हणतील. पण समजा, ती फाइल तुम्ही काल लॅपटॉपवरून मुद्दाम उडवली होती. मग ती ड्राइव्हवरूनही जायला हवी. कॉपी केलीत तर उडवलेलं भूत परत येईल. आणि समजा ती तुम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून ड्राइव्हवर नव्याने तयार केली होती, तर ड्राइव्हवरून काढणं म्हणजे दिवसभराच्या कामावर पाणी. दोन्ही प्रसंगांत डोळ्यांना दिसणारी स्थिती एकच आहे: इथे नाही, तिथे आहे. दोन फोल्डर कितीही वेळ न्याहाळले तरी उत्तर त्यांच्यात सापडत नाही. त्यासाठी तिसरी गोष्ट लागते. गेल्या वेळी हे दोघे भेटले तेव्हा काय काय होतं, याची आठवण.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत रोज येतो. कॉलेजात अल्गोरिदम शिकवताना तो कुणी इतिहासाचा प्रश्न म्हणून शिकवला नाही. पण तो मुळात इतिहासाचाच प्रश्न आहे. आजची स्थिती समजायची तर कालची नोंद हवी. ती नोंद यंत्राने कशी ठेवावी हे माणसं कशी शिकत गेली, त्याची ही गोष्ट.

चालत जाणारं नेटवर्क

आयबीएमने १९७१ साली फ्लॉपी डिस्क बाजारात आणली, आठ इंच रुंदीची. पुढे ती लहान होत गेली आणि १९८७ च्या सुमाराला साडेतीन इंचाची, १.४४ एमबीची फ्लॉपी रूढ झाली. आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. तरी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाइल न्यायचा तोच राजमार्ग होता. अमेरिकेत याला गमतीने ‘स्नीकरनेट’ म्हणत, म्हणजे पायातल्या बुटांवर चालणारं नेटवर्क.

या नेटवर्कची अडचण पोचण्याची नव्हती. फाइल पोचायची. अडचण अशी की ती दोन ठिकाणी व्हायची आणि दोन्ही ठिकाणी वाढायला लागायची. घरी दोन परिच्छेद बदलले, ऑफिसात तिसरा बदलला. शुक्रवारी संध्याकाळी खरी फाइल कोणती?

मायक्रोसॉफ्टने २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आणलं, तेव्हा त्यात ‘ब्रीफकेस’ नावाची सोय होती. डेस्कटॉपवर कातडी बॅगेचं छोटं चित्र. फाइली त्या बॅगेत टाकायच्या, बॅग फ्लॉपीवर टाकायची, घरी काम करायचं, परत आल्यावर ‘अपडेट ऑल’ दाबायचं. बॅगेच्या आत एक लपवलेली डेटाबेस फाइल असे. मूळ फाइल कुठली, गेल्या भेटीत ती कशी होती, याची नोंद तिच्यात राहायची. म्हणजे तिसऱ्या गोष्टीची गरज मायक्रोसॉफ्टने ओळखली होती. दोन्हीकडे बदल झाला असेल तर ब्रीफकेस आपणहून काही करत नसे. दोन्ही बदललेत एवढं सांगून ती फाइल सोडून देई.

कल्पना चांगली होती, पण बॅग फ्लॉपीएवढीच होती. शिवाय नेहमीसारखी कॉपी-पेस्ट करायची सवय असलेल्या माणसाला ‘बॅगेतली फाइल’ आणि ‘फ्लॉपीवरची फाइल’ यातला फरक कळत नसे. ती सोय अनेक वर्षं विंडोजमध्ये पडून राहिली आणि विंडोज ८ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने तिला कालबाह्य ठरवलं.

कॅनबेराहून आलेली युक्ती

ब्रीफकेसनंतर दहा महिन्यांनी, १९ जून १९९६ रोजी, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराहून एका छोट्या प्रोग्रॅमची घोषणा झाली. नाव आरसिंक. लिहिणारे दोघे, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास, दोघेही ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले. ट्रिजेल त्याआधीच ‘सांबा’ या प्रोग्रॅममुळे ओळखला जात होता. सांबामुळे लिनक्स आणि विंडोजची यंत्रं एकमेकांशी फाइली वाटून घेऊ शकतात. पुढे १९९९ मध्ये त्याने याच विषयावर पीएचडीचा प्रबंध पूर्ण केला.

त्यांचा प्रश्न असा: माझ्याकडे मोठी फाइल आहे, तुझ्याकडे तिची जुनी आवृत्ती आहे, आणि मधली तार संथ आहे. सगळी फाइल न पाठवता फक्त फरक कसा पाठवायचा? फरक काढायला दोन्ही आवृत्त्या एका ठिकाणी हव्यात, आणि त्या एका ठिकाणी आणायच्या तर सगळं पाठवावं लागतं. म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी.

त्यांनी शोधलेला मार्ग ऐकायला साधा आहे. ज्याच्याकडे जुनी आवृत्ती आहे त्याने तिचे काही शे बाइटचे समान तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याची दोन ‘बोटांचे ठसे’ म्हणता येतील अशी चिन्हं काढायची, एक झटपट निघणारं पण कच्चं, दुसरं पक्कं पण काढायला वेळ घेणारं. फक्त हे ठसे समोर पाठवायचे. समोरचा आपल्या नव्या फाइलवरून तेवढ्याच रुंदीची खिडकी एकेक बाइट पुढे सरकवत जातो. खरी करामत इथे आहे. खिडकी एक बाइट सरकली की कच्चा ठसा पहिल्यापासून काढावा लागत नाही. मागून गेलेला बाइट वजा करायचा, पुढून आलेला मिळवायचा, झालं. कच्चा ठसा जुळला तरच पक्का तपासायचा. पक्काही जुळला तर ‘हा तुकडा तुझ्याकडे आहे’ एवढंच कळवायचं. उरलेलं तेवढं पाठवायचं. फाइलच्या सुरुवातीला एक शब्द घातल्यामुळे पुढचं सगळं सरकलं असलं, तरी खिडकी ते बरोबर पकडते.

आज सर्व्हरचे बॅकअप घेणाऱ्या असंख्य व्यवस्थांच्या पोटात आरसिंक किंवा त्याची ही कल्पना आहे. पण एक गंमत फार जणांना माहीत नसते. तुम्ही आरसिंक वापरून लॅपटॉपवरून त्याच लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हवर फाइली पाठवता, तेव्हा ही प्रसिद्ध युक्ती तो वापरतच नाही. ठसे काढायला दोन्ही फाइली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि तार छोटी असेल तर त्यापेक्षा अख्खी फाइल कॉपी करणं परवडतं. मग कोणती फाइल बदलली हे तो ठरवतो कसं? नेहमीच्या वापरात फक्त दोन गोष्टी बघून: फाइलचा आकार आणि शेवटचा बदल झाल्याची वेळ.

म्हणजे सगळा भरवसा घड्याळावर. आणि पेनड्राइव्हचं घड्याळ हा एक वेगळाच प्रकार आहे.

दोन सेकंदांची गोष्ट

सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने २००० साली ‘थंबड्राइव्ह’ विकायला काढला. त्याच वर्षाच्या शेवटाकडे आयबीएमने अमेरिकेत इस्रायलच्या एम-सिस्टम्स कंपनीने बनवलेला ८ एमबीचा ड्राइव्ह आणला. आठ एमबी म्हणजे पाचेक फ्लॉप्या. आपल्याकडे या वस्तूला ‘पेनड्राइव्ह’ हे नाव चिकटलं. माझ्या पिढीने ती गळ्यात दोरीने लटकवलेली पाहिली, प्रोजेक्टच्या रिपोर्टसाठी झेरॉक्सच्या दुकानात रांगेत हातात धरली, आणि त्या दुकानातल्या कॉम्प्युटरमधून शॉर्टकटचे व्हायरसही घरी आणले.

हे ड्राइव्ह कुठल्याही यंत्रावर चालावेत म्हणून त्यांवर फॅट नावाची जुनी फाइल-व्यवस्था असे. ती डॉसच्या काळातली. त्या काळी एकेक बिट महाग होता. म्हणून फाइलची वेळ लिहायला फक्त सोळा बिट दिले गेले: तासांना पाच, मिनिटांना सहा, सेकंदांना उरलेले पाच. पाच बिटांत बत्तीसच आकडे बसतात, आणि सेकंद तर साठ. मग सेकंद दोन-दोनच्या जोडीने मोजायचं ठरलं. म्हणून फॅटवर कुठलीही फाइल विषम सेकंदाला बदललेली असूच शकत नाही.

लॅपटॉपवर एखादी फाइल ५१ व्या सेकंदाला बदलली. ड्राइव्हवर कॉपी केली की तिथे ५० किंवा ५२ लिहिलं जाणार. पुढच्या वेळी प्रोग्रॅम बघतो: वेळा जुळत नाहीत, म्हणजे फाइल बदलली! आणि सगळं पुन्हा कॉपी करत बसतो. यासाठी आरसिंकमध्ये खास एक पर्याय आहे, ‘एका सेकंदाचा फरक माफ कर’ असं सांगणारा. डॉसच्या काळात वाचवलेल्या एका बिटासाठी आजचे प्रोग्रॅम अजून माफी मागत फिरतात.

दुसरी गोची: फॅटवर वेळ स्थानिक लिहिली जाते, कुठल्या देशातली ते लिहिलं जात नाही. पुण्यात भरलेला ड्राइव्ह हिवाळ्यात लंडनला नेला, तर त्यावरच्या फाइली साडेपाच तासांनी सरकलेल्या वाटू शकतात. संध्याकाळी लिहिलेलं पत्र भविष्यातून आल्यासारखं दिसतं. ‘जी फाइल नवी ती खरी’ या नियमावर चालणारा प्रोग्रॅम असेल, तर भविष्यातून आलेलं जुनं पत्र आजच्या पत्राला गिळून टाकेल.

घड्याळाशिवाय आधी-नंतर

घड्याळांवर विसंबू नये हे शास्त्रज्ञांना पेनड्राइव्हच्या बऱ्याच आधी कळलं होतं. लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ साली एक शोधनिबंध लिहिला. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांना आधी-नंतर लावायला भिंतीवरची वेळ लागत नाही, कुणाला कुणाची खबर पोचली होती हे पुरतं, हा त्याचा गाभा. तुझं पत्र वाचून मी उत्तर लिहिलं, तर माझं उत्तर नंतरचं, आपल्या घड्याळांत काहीही वाजलेलं असो. आणि दोघांनी एकमेकांचं पत्र न वाचताच लिहिलं असेल, तर त्यात आधी-नंतर काही नाहीच. ती दोन समांतर पत्रं आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी १९८३ मध्ये ही कल्पना फाइलींना लावली. प्रत्येक प्रतीबरोबर एक छोटी यादी ठेवायची: कुठल्या यंत्रावर ती किती वेळा बदलली. एका प्रतीच्या यादीतले सगळे आकडे दुसरीइतके किंवा जास्त असतील तर ती नंतरची. काही आकडे इकडे जास्त, काही तिकडे, असं असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र बदल झालेत. यंत्राने निवड करू नये, हाक मारावी.

याच दशकात, १९८७ पासून, कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांनी ‘कोडा’ नावाच्या फाइल-व्यवस्थेचं काम सुरू केलं. सत्यनारायणन मूळचे आयआयटी मद्रासचे. लॅपटॉप नेटवर्कपासून तुटला तरी माणसाचं काम थांबू नये, परत जोडला की बदल आपापले जुळावेत, ही कोडाची धडपड. जेम्स किस्लर यांच्याबरोबरचा त्यांचा या विषयावरचा निबंध १९९१ चा आहे. आज तुम्ही लोकलमध्ये रेंज नसताना फोनवर नोट लिहिता आणि दादरला ती आपोआप वर चढते, त्या सोयीचे पूर्वज इथे आहेत.

पण पोर्टेबल ड्राइव्हची अडचण याहून वेगळी आहे. तो मुका आहे. त्याच्यात मोजणारं कुणी नाही. तुम्ही तो दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरला लावून फाइल बदललीत, तर कुणी बदलली, कितव्यांदा बदलली हे तो सांगू शकत नाही. तो टपाल्या आहे, पत्र पोचवतो, वाचत नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बेंजामिन पिअर्स यांनी एस. बालसुब्रमण्यम यांच्यासोबत १९९८ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच एक साधा प्रश्न होता: फाइल सिंक्रोनायझर म्हणजे काय? तोवर असे प्रोग्रॅम बरेच होते, पण त्यांनी नेमकं काय केलं म्हणजे बरोबर केलं म्हणायचं, हे कुणी काटेकोर मांडलं नव्हतं. त्याच विचारातून ‘युनिसन’ हा प्रोग्रॅम वाढला. युनिसन प्रत्येक सिंकनंतर दोन्ही बाजूंची स्थिती स्वतःकडे लिहून ठेवतो. पुढच्या वेळी तो डावी बाजू उजवीशी लगेच ताडत नाही. आधी प्रत्येक बाजू त्या जुन्या नोंदीशी ताडतो. नोंदीत होती, आता डावीकडे नाही, उजवीकडे जशीच्या तशी आहे: म्हणजे डावीकडे उडवली. नोंदीत नव्हतीच, उजवीकडे आहे: म्हणजे उजवीकडे नवी. सुरुवातीचा आपला प्रश्न इथे सुटला. आणि दोन्हीकडे वेगवेगळा बदल झाला असेल, तर युनिसन तुमच्या उत्तराची वाट बघतो.

ओव्यांचा फोल्डर

हे सगळं मला नुसतं तांत्रिक कुतूहल म्हणून महत्त्वाचं वाटत नाही. माझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे. गेली काही वर्षं ती गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घेते. फाइली लॅपटॉपवर आणि एका पोर्टेबल ड्राइव्हवर. गाणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत. त्यांचा आवाज जगात त्या दोन फोल्डरांतच आहे. ‘दोन्हीकडे सारखं करून दे रे,’ असं ती मला सांगते, तेव्हा त्या ‘सारखं’मध्ये काय दडलंय हे मला माहीत असतं.

तिच्या फाइलींनी मला मराठीपुरती एक नवी गोष्ट शिकवली. ‘दऱ्याखोऱ्यांतल्या ओव्या’ असं तिच्या एका फोल्डरचं नाव. दोन्हीकडे डोळ्यांना हुबेहूब तेच नाव, पण प्रोग्रॅम म्हणे दोन वेगळे फोल्डर आहेत. कारण आपला अर्धा र. युनिकोडमध्ये ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकतर ‘ऱ’ या नुक्ता असलेल्या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. कुठली पद्धत वापरायची ते तुमचा कीबोर्ड ठरवतो. पडद्यावर काही फरक नाही, बाइटांत पूर्ण वेगळं.

भर म्हणून, नुक्त्याचा ‘ऱ’ स्वतःही दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक अखंड अक्षर, किंवा ‘र’ अधिक वेगळा नुक्ता. मॅकवरची एचएफएस प्लस ही व्यवस्था फाइलच्या नावातली अशी अक्षरं फोडून ठेवायची, तर लिनक्स जसं दिलं तसंच ठेवतो. त्यामुळे या दोघांमध्ये सिंक करताना नावं जुळत नसत, आणि आरसिंकमध्ये नावांचं रूपांतर करणारा वेगळा पर्याय आहे. कॅनबेरात किंवा पेनसिल्व्हेनियात बसून ‘दऱ्याखोऱ्यां’चा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. पण ज्याला मराठी नावं द्यायची आहेत त्याने तो करायला हवा.

आज्ञाधारक प्रत

सिंकबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ते बॅकअप आहे असं मानणं. सिंक आज्ञाधारक असतं. तुम्ही चुकून उडवलेली फाइल ते दुसरीकडूनही इमानदारीत उडवतं. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद आवृत्ती ‘नवी’ म्हणून पुढे पोचवतं. फोनमधली जागा मोकळी करायला गॅलरीतले फोटो उडवले आणि ते क्लाउडवरूनही गेले, हा अनुभव तुमच्या ओळखीत कुणाला तरी आलाच असेल. तिथे काही बिघडलेलं नव्हतं. सिंकने सांगितलेलं काम केलं होतं.

पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’ची गोष्ट याची उलट बाजू दाखवते. १९९८ मध्ये एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली सर्व्हरवरून भराभर नाहीशा होऊ लागल्या. बॅकअपकडे धाव घेतली तर तेही नीट चालत नव्हते. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांचं बाळ लहान होतं, म्हणून त्या घरून काम करत आणि घरच्या यंत्रावर चित्रपटाची प्रत ठेवत. ते यंत्र ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणलं गेलं. ती प्रत कामी आली, कारण ती थोडी शिळी होती. त्या क्षणी ती सर्व्हरशी तंतोतंत जुळलेली असती, तर तीही रिकामी झाली असती.

ड्रू ह्यूस्टन हा तरुण बॉस्टनहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये चढला तेव्हा पेनड्राइव्ह विसरला होता. त्या वैतागातून त्याने ड्रॉपबॉक्सचा कोड लिहायला घेतला, असं तो सांगत आला आहे. कंपनी २००७ ची. त्यानंतर ड्राइव्ह खिशातून गेला आणि आठवणही आपल्याकडून गेली. गेल्या भेटीत काय होतं याची नोंद आता दूरच्या सर्व्हरवर असते. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. पण काय उडवायचं आणि काय ठेवायचं हे ज्या नोंदीवरून ठरतं, ती नोंद आपल्या हातात नाही, एवढं लक्षात असावं.

म्हणून मावशीच्या ओव्यांसाठी मी तीन गोष्टी ठरवून दिल्या. लॅपटॉप आणि रोजचा ड्राइव्ह यांच्यात युनिसन. चालवण्याआधी ‘काय काय उडणार’ ही यादी तिने स्वतः वाचायची. आणि एक तिसरा ड्राइव्ह, जो रोज जोडायचाच नाही. त्यात फक्त नवीन फाइली भरायच्या, तेही दोन-तीन महिन्यांनी, आणि आधीचं काही खोडायचं नाही.

पहिल्यांदा यादी वाचताना ती एका ओळीवर थांबली. ‘ही का जातेय?’ तिने विचारलं. तिनेच लॅपटॉपवरून उडवलेलं रेकॉर्डिंग होतं, मध्येच कुत्रं भुंकल्यामुळे वाया गेलेलं. तिने ते पुन्हा लावून ऐकलं. कुत्र्याच्या आधी बारा सेकंद ओवी होती. ‘राहू दे,’ ती म्हणाली.

हे ‘राहू दे’ कुठल्याही अल्गोरिदमला सुचलं नसतं. तो फार तर विचारण्यापुरता थांबू शकतो. गेल्या काही दशकांत या क्षेत्रातल्या चांगल्या माणसांनी प्रोग्रॅमना शिकवलं ते मुख्यतः एवढंच, कुठे थांबून विचारायचं ते.